लेबलाचा उचललेला कोपरा

घरात कुठलीही नवी बाटली आली की मी आधी नखानं तिच्या लेबलाचा कोपरा उचलून पाहतो. मग ती सॉसची असो, फिनेलची असो की खोकल्याच्या औषधाची. सुनेनं एकदा पाहुण्यांसमोर सांगितलं, "पप्पांना बाटलीत काय आहे याच्याशी काही देणंघेणं नसतं." खरंच आहे ते. एकतीस वर्षं मी कामरेजच्या एका सरबताच्या कारखान्यात नोकरी केली, त्यातली शेवटची अठरा खरेदी खात्यात. साखर, बाटल्या, झाकणं, खोकी, सगळं मीच घ्यायचो. पण माझं नाव झालं ते लेबलांमुळे. सुरतेत कुणाला लेबल छापणारा हवा असला की "अशोकभाईंना विचारा" असं म्हणायचे.

आपल्या मंडळाच्या अंकासाठी कारखान्यातले गमतीदार किस्से लिहून द्या, असं संपादकांनी सांगितलं. किस्से आहेत, दोन-तीन सांगतोही. पण लिहायला बसलो तेव्हा जे पहिलं आठवलं ते गमतीचं नव्हतं. एका माणसाला मी लबाड ठरवलं आणि तो लबाड नव्हता. ते एकदा लिहून काढल्याशिवाय बाकीचं सुचेना, म्हणून हे लिहितो.

बाहेरच्या माणसाला वाटतं, लेबल म्हणजे काय, कागदाचा तुकडा, छापला की झालं. आमचे शेठ म्हणायचे, "अशोकभाई, लेबल तो बाटलीनुं मोढुं छे." तोंडच ते. पण हे तोंड काय काय सोसतं ते पाहा. गुलाबाच्या सरबताची बाटली लग्नात बर्फाच्या पिंपात चार तास बुडते. दुकानात तिच्यावर शेजारची बाटली सांडते, साखरेचा चिकट ओघळ येतो. टेम्पोत खोक्याला खोकं घासतं. एवढं होऊन लेबल सरळ राहिलं पाहिजे, रंग उतरता कामा नये, अक्षर वाचता आलं पाहिजे. शिवाय मागच्या खेपेचा गुलाबी आणि या खेपेचा गुलाबी शेजारी ठेवले तर सारखे दिसले पाहिजेत, नाहीतर गिऱ्हाईक म्हणतं हा माल नकली आहे. आमचे शेठ प्रत्येक नवं लेबल आधी ट्यूबलाइटखाली पाहायचे, मग अंगणात उन्हात नेऊन पाहायचे, आणि तरी खात्री पटली नाही तर घरी शेठाणींना दाखवायला न्यायचे. शेठाणींनी नापसंत केलेला एक गुलाबी रंग आम्ही दोनदा पुन्हा छापून घेतला होता. तिसऱ्यांदा त्यांना पसंत पडला, आणि मला विचाराल तर तो पहिल्यासारखाच होता.

लेबलवाले यायचे ते जावई आल्याच्या थाटात. गुळगुळीत पिशवी, आत नमुन्यांची वही, आणि वहीत दुनियेतली सगळी लेबलं. एकानं असे झक्क नमुने दाखवले की शेठ जागेवरच हो म्हणायला निघाले. मी म्हटलं, थांबा, प्रेस पाहून येतो. कार्डावरचा पत्ता शोधत गेलो तर तिथे फरसाणाचं दुकान. मालक म्हणाला, "हो, आमच्याच माणसाचं कार्ड आहे, तो ऑर्डर घेतो आणि कुठूनतरी छापून आणतो." येताना मी अर्धा किलो पापडी घेऊन आलो आणि शेठच्या टेबलावर ठेवली. म्हटलं, "घ्या, लेबलाचा नमुना."

त्यामुळे माझे नियम ठरले होते. नमुन्याच्या वहीवर विश्वास ठेवायचा नाही. छापणाऱ्याच्या प्रेसवर न सांगता जायचं आणि टाकाऊ कागदाचा ढीग बघायचा. ज्याचा ढीग अजिबात दिसत नाही, तो एकतर छापत नाही किंवा टाकाऊ माल गिऱ्हाइकाला देतो. आणि शेवटी माझी बादली. ऑफिसच्या मागे एक बादली होती, तीत बर्फ टाकून मी लेबल लावलेल्या बाटल्या दिवसभर बुडवून ठेवायचो. संध्याकाळी जे लेबल जागेवर असेल ते पास. कारखान्यात या बादलीला सगळे "अशोकभाईनी कोर्ट" म्हणायचे. मला ते फार आवडायचं.

हिलाल नाना मला या कोर्टातूनच भेटले. ते अमळनेरकडचे, मीही त्याच बाजूचा, पण ओळख नव्हती. कतारगामला हिऱ्यांच्या कारखान्यांच्या गल्लीत तळमजल्यावर त्यांचं छोटं प्रेस होतं आणि वरच्या मजल्यावर ते राहायचे. मी न सांगता गेलो तेव्हा ते खुर्चीत नव्हते, मशीनच्या पोटात हात घालून बसले होते. टाकाऊ कागदाचा ढीग गुडघ्याएवढा. मी तो चाळायला लागलो तर ते म्हणाले, "चांगलं पाहा. यातला प्रत्येक कागद मी का टाकला ते विचारलं तर सांगेन." मी तीन कागद काढले. एकात लाल किंचित सरकला होता, एकात कागदाचीच गाठ होती. तिसऱ्यात मला काहीच दिसेना. नाना म्हणाले, "तो दुपारी जेवायला जाण्याआधीचा आहे. तेव्हा माझं लक्ष नव्हतं, म्हणून टाकला."

त्यांची लेबलं माझ्या बादलीत दोन दिवस राहिली तरी हलली नाहीत. पुढची अकरा वर्षं आमची सगळी लेबलं नानांकडे. प्रत्येक कामाचा पहिला कागद आणि शेवटचा कागद ते सही करून जपून ठेवायचे, म्हणजे सुरुवातीला आणि शेवटी रंग एकच होता याचा पुरावा. कागद चांगला मिळाला नाही तर काम घ्यायचे नाहीत. एकदा ऐन सीझनला त्यांनी मला आठ दिवस थांबवलं, शेठनी मला फाडून खाल्लं, तरी नाना हलले नाहीत. वयानं ते मोठे, म्हणून मला एकेरीत बोलायचे. आमचं बोलणं सुरू व्हायचं मराठीत आणि दोन वाक्यांत अहिराणीवर यायचं.

आता थोडं माझ्याबद्दल सांगायला हवं, कारण खोट तिथेच आहे. खरेदी खात्यात जाण्याआधी मी तेरा वर्षं लेबलाच्या टेबलाचा सुपरवायझर होतो. तेव्हा लेबलं नुसत्या कागदाची असायची. लांब टेबल, दोन्ही बाजूंनी आपल्याकडच्या बाया, बहुतेक खानदेशातल्या, आणि मध्ये खळीची पातेली. ब्रशनं खळ लावायची, लेबल बाटलीवर ठेवायचं, फडक्यानं दाबायचं. तासाभरात बोटांवर खळीचा थर सुकायचा, लेबल बाटलीऐवजी बोटालाच चिकटायचं आणि फाटायचं. दिवसाला टोपलीभर लेबलं वाया जायची. मी एक युक्ती काढली. घरून वाटीभर शेंगदाण्याचं तेल आणलं आणि बायांना सांगितलं, बोटांच्या टोकांना जरासं लावा, मग खळ धरणार नाही. झालंही तसंच. टोपली रिकामी राहू लागली. शेठनी सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली, आणि पुढे मला खरेदी खात्यात घेतलं त्याची सुरुवात त्या वाटीनं झाली.

मग ती टेबलाची रीतच झाली. सकाळी शिफ्ट सुरू झाली की हळदीकुंकवाची वाटी फिरावी तशी तेलाची वाटी फिरायची. प्रत्येक बाई बोट बुडवणार, दोन्ही हातांची टोकं एकमेकांवर घासणार, आणि मगच पहिली बाटली उचलणार. सीझनच्या पहिल्या दिवशी वाटीला कुंकूही लावायच्या. कमलबाई म्हणून सगळ्यांत जुनी बाई होती, ती नव्या बाईला आधी वाटी दाखवायची आणि मग खळ. मी खरेदीत गेल्यावरही टेबलाजवळून जाताना ती वाटी दिसली की मला बरं वाटायचं.

पुढे खळीची लेबलं जुनाट दिसायला लागली. शेठ एका प्रदर्शनाला जाऊन आले आणि म्हणाले, आता स्टिकर पाहिजे. मागे गोंद लावलेला, चमकदार, पाठीचा कागद सोलला की थेट चिकटणारा. नानांकडे त्याची मशीन नव्हती. मी स्वतः कतारगामला गेलो. म्हटलं, "नाना, मशीन घ्या. काम तुमचंच, मी आहे ना." नानांनी पंधरा दिवस विचार केला आणि गावच्या शेतातला आपला हिस्सा भावाला विकून मशीन आणली. नव्या मशीनला हार घातला तेव्हा नानांच्या पत्नीनं, वहिनींनी, माझ्या हातात नारळ दिला, म्हणाल्या, भाऊ, तुम्हीच फोडा. मी फोडला.

नमुने आले. मी ऑफिसात बसून माझ्या हातानं सहा बाटल्यांना स्टिकर लावले आणि बादलीत बुडवले. तीन दिवस. एकही हललं नाही. मोठ्या ऐटीत शेठना दाखवले आणि सगळा सीझनचा माल नानांना सांगितला. स्टिकर लावायची मशीन आमच्याकडे नव्हती. ते काम टेबलावर बायाच करणार होत्या.

लग्नाच्या दिवसांत पहिला फोन बारडोलीच्या डीलरचा आला. बाटल्या बर्फात घातल्या की लेबलं उचलताहेत. दुसऱ्या दिवशी नवसारीहून, मग शहरातूनच दोन. तिसऱ्या दिवशी टेम्पो भरून खोकी परत आली. मी एक खोकं फोडलं. लेबलाचा खालचा उजवा कोपरा वर उठलेला, कुत्र्याच्या कानासारखा. दुसरी बाटली, तिसरी, तीच गत. शेठ आतून ओरडत बाहेर आले. हातातली बाटली त्यांनी माझ्यासमोर धरली, "आ तमारी कोर्ट?"

हे मला लागलं. आणि माझ्या डोक्यात एकच हिशेब बसला. नमुने पास झाले, माल नापास झाला, म्हणजे नमुन्याला गोंद एक आणि मालाला दुसरा. आमच्या धंद्यात याच्याहून वाईट गोष्ट नाही. माल खराब निघाला तर माफी आहे, चूक कुणाचीही होते. पण चांगला नमुना दाखवून हलका माल देणाऱ्याला कुणी दारात उभं करत नाही.

नानांना बोलावलं. ते आले तेव्हा शेठ समोर बसले होते, आणि अहमदाबादच्या एका मोठ्या छपाई कंपनीचा माणूसही तिथेच होता, कारण शेठनी त्याला आधीच बोलावून घेतलं होतं. नानांनी चष्मा काढला, बाटली डोळ्यांजवळ नेली. दुसरी घेतली. तिसरी घेतली. मग सगळ्या बाटल्या ओळीत मांडल्या. मला म्हणाले, "अशोक, अख्ख्या बाटल्यासना एकच कोना कसा काय निंघना? गोंद खराब व्हता तं चारी कोना निंघतात."

म्हणजे ते विचारत होते की सगळ्यांचा नेमका एकच कोपरा कसा सुटला. गोंद वाईट असता तर चारही सुटले असते. किती साधा प्रश्न होता. त्या प्रश्नात सगळं उत्तर होतं. पण मी तेव्हा उत्तर शोधत नव्हतो, मला माझी मान सोडवायची होती.

मी म्हटलं, "नाना, नमुना एक आणि माल दुसरा. हे मला तुमच्याकडून अपेक्षित नव्हतं." मराठीत नाही, गुजरातीत म्हटलं, शेठना आणि त्या माणसाला कळावं म्हणून.

नानांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग म्हणाले, "एकदाव माले टेबलवर बठू दे. बाया कशा लावतीस ते देखू दे. मीच चार लेबलं लावी देखसू." फक्त एकदा टेबलाशी बसू दे, बाया लेबल कसं लावतात ते पाहू दे, एवढंच त्यांनी मागितलं.

"माझ्या टेबलात खोट नाही," मी म्हणालो. तेरा वर्षं सांभाळलेलं टेबल होतं ते. बाहेरच्या माणसानं येऊन माझ्या बायांचं काम तपासायचं, हे मला सहन झालं नाही. बाहेरच्याला टेबलावर बसवायचं नाही असा नियम कारखान्यात कुठेही लिहिलेला नव्हता, पण मी नियमाचंच नाव सांगितलं. नाना उठले. जाताना त्यांनी एक बाटली मागितली, घरी नेऊन बघतो म्हणाले. मी म्हटलं, ती आता कंपनीची तक्रार आहे, देता येणार नाही. एक बाटली दिली नाही मी त्या माणसाला.

काम अहमदाबादला गेलं. त्यानंतर आठवड्यातच उधन्याच्या एका लोणच्याच्या कारखान्यातून त्यांच्या खरेदीवाल्याचा फोन आला. आम्हा खरेदीवाल्यांची ही पद्धतच. नवीन काम द्यायचं असलं किंवा कुणाचं काढलंय असं कानावर आलं की एकमेकांना फोन करून विचारायचं, दोन मिनिटांत निकाल लागतो. त्यानं विचारलं, "हिलालभाईनुं काम केम काढी नाख्युं?" मी म्हटलं, "नमुना एक, माल दुसरा." एवढंच. फोन ठेवला आणि चहा प्यायलो. महिन्याभरात मला कळलं की लोणचेवाल्यांनी आणि त्यांचं ऐकून एका अगरबत्तीवाल्यांनी नानांचं काम बंद केलं. मला तेव्हा, खोटं कशाला सांगू, थोडं बरंच वाटलं. आपला शब्द बाजारात चालतो असं वाटलं.

अहमदाबादची लेबलं आली. भारी कागद, भारी गोंद. माझ्या बादलीत चार दिवस राहिली. माल बाहेर पडला आणि पंधराव्या दिवशी बारडोलीचा फोन. खालचा उजवा कोपरा.

कंपनी मोठी, त्यांनी हात झटकले नाहीत. दुसऱ्याच दिवशी त्यांचा तपासनीस आला, पन्नाशीतला, शांत माणूस. म्हणाला, "मने टेबल बतावो." मी त्याला टेबलावर घेऊन गेलो. खुर्ची दिली. पंखा त्याच्याकडे वळवला. पाणी आणवलं. हे सगळं करताना मला नानांची आठवणसुद्धा झाली नाही.

तो तासभर नुसता बघत बसला. बाया कशा पाठीचा कागद सोलतात, लेबल कसं धरतात. प्रत्येक बाई लेबलाचा खालचा उजवा कोपरा दोन बोटांत धरायची, डावी बाजू आधी टेकवायची आणि मग हात फिरवत आणायची. जिथे बोटं होती तो कोपरा सगळ्यांत शेवटी टेकायचा. तेवढ्यात मधल्या बाईनं शेजारणीकडे वाटी सरकवली. तपासनीस उठला, वाटीत बोट बुडवलं आणि वास घेतला.

खळ जाऊन काही महिने झाले होते. पातेली गेली, ब्रश गेले, पण वाटी कुणी उचललीच नव्हती. स्टिकरच्या गोंदानंही बोटं चिकट होतातच, म्हणून बायांना ती हवीच होती. आणि तेल लागलेल्या काचेवर, तेल लागलेल्या गोंदाचा कोपरा कुठला टिकतो? मी नमुने लावले ते ऑफिसात बसून, कोरड्या हातांनी. माझ्या कोर्टात साक्षीदारच चुकीचा होता.

तपासनिसानं कमलबाईला गुजरातीत विचारलं, हे तेल कशाला? कमलबाई उजळली. इतक्या वर्षांत कुणी साहेबानं टेबलाची रीत विचारली नव्हती. माझ्याकडे हात करून ती कौतुकानं म्हणाली, "ह्या दादानीच तं शिकाडेल शे आमले. पयलेपाईन लावतस आम्ही."

ह्या दादांनीच शिकवलं आहे आम्हाला, पहिल्यापासून लावतो. तपासनिसाला अहिराणी कळली नाही. त्यानं मला विचारलं, "आ बेन शुं कहे छे?"

मी म्हटलं, "कहे छे, जूनी टेव छे." म्हणजे, बायांची जुनी सवय आहे.

टेबलावरच्या सगळ्या बाया सुरतेत वीस-पंचवीस वर्षं राहिलेल्या. गुजराती त्यांना माझ्याइतकी कळते. कमलबाईनं माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घालून पुढची बाटली घेतली. मग मी आवाज चढवून बायांना दोन शब्द सुनावलेसुद्धा, असा बेजबाबदारपणा पुन्हा चालणार नाही म्हणून. वाटी मी स्वतः उचलून नेली.

तपासनिसानं कागदावर लिहिलं की लेबलात दोष नाही, लावण्यात आहे. त्या दिवसापासून एकही बाटली परत आली नाही. शेठ खूश. म्हणाले, "चालो, कारण मळी गयुं ने." नानांचं नाव त्यांनी काढलं नाही, त्यांच्या मनातून तो विषय केव्हाच गेला होता. माझ्या मनातून गेला नव्हता. लेबलात दोष नव्हता म्हणजे नानांच्याही लेबलात नव्हता, एवढं कळायला मी काही खुळा नाही. त्या दिवशी मला दोन फोन करायचे होते. एक लोणचेवाल्याला, एक नानांना. दोन मिनिटांचे.

केले नाहीत. लोणचेवाल्यानं विचारलं असतं, मग दोष कुणाचा निघाला? त्याचं उत्तर माझ्यापाशी एकच होतं. आणि "अशोकभाईंना विचारा" म्हणणाऱ्या बाजारात मला ते उत्तर द्यायचं नव्हतं. उद्या करू म्हटलं. मग सीझन संपल्यावर करू. मग दिवाळीला नानांकडे जाऊनच सांगू, फोनवर बरं दिसत नाही. त्या दिवाळीला आम्ही गावी गेलो. असं करत करत त्या गोष्टीवरून वर्षं गेली. मी रिटायर झालो, शेठनी शाल दिली, भाषणात माझ्या बादलीचा उल्लेख केला, लोक हसले. मी शाल घेऊन बसलो आणि मला समोरच्या रांगेत बसलेली कमलबाई दिसत होती. ती इतरांसारखीच टाळ्या वाजवत होती.

गेल्या वर्षी मी शेवटी फोन उचलला. आधी लोणचेवाला. तोही रिटायर होऊन घरी बसलेला. म्हटलं, तुम्हाला हिलालभाई आठवतात का, कतारगामचे, लेबलवाले? त्याला आठवेना. मी प्रेस कुठं होतं ते सांगितलं, रंग कसे छापायचे ते सांगितलं. मग एकदम म्हणाला, "हां हां, पेलो, नमूनो एक ने माल बीजो! ए ज ने?" त्या माणसाचं नाव तो विसरला होता, चेहरा विसरला होता, आमच्याकडचं त्यांचं अकरा वर्षांचं काम त्याला ठाऊकच नव्हतं. माझं वाक्य मात्र लक्षात होतं. मी त्याला पहिल्यापासून सगळं सांगितलं, तेलाच्या वाटीसकट. तो ऐकून म्हणाला, "अरे, थाय एवुं, अशोकभाई." होतं असं. मग त्यानं मला त्याच्या गुडघ्याच्या ऑपरेशनबद्दल सांगितलं.

त्याच आठवड्यात मी कतारगामला गेलो. तळमजल्यावर आता साड्यांना लेस लावायचं काम चालतं. वर गेलो तर नाना घरीच होते. बारीक झालेले, पण चष्म्याआडून पाहायची ती पद्धत तीच. हल्ली ते एका लग्नपत्रिकावाल्याकडे प्रूफं तपासायला जातात, असं त्यांनी सांगितलं. "ये अशोक, बठ," म्हणाले, जसा काही मी मागच्या महिन्यात येऊन गेलो होतो.

मी बसलो नाही. उभ्यानंच सांगितलं. टेबल, कोपरा, तेल, माझी युक्ती, तपासनिसाला दिलेलं खोटं उत्तर, न केलेले फोन. नानांनी मध्येच थांबवलं नाही. सगळं झाल्यावर म्हणाले, "माले ठाऊक व्हतं."

कसं, ते त्यांनीच सांगितलं. कमलबाई त्यांच्या मागच्याच गल्लीत राहायची. तपासनीस आला त्याच दिवशी संध्याकाळी ती येऊन सगळं सांगून गेली होती. म्हणजे माझ्यानंतर काही तासांतच नानांना सगळं कळलं होतं.

"मग तुम्ही फोन का नाही केला नाना?" मी विचारलं. "शेठकडे का नाही आलात? बाजारात का नाही सांगितलं?"

वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्याच बोलल्या. "दोनदाव गिऱ्हाईक उना मशीनले. वरीसभर यास्नी इकी नही. म्हनेत, अशोक यी. तो सोता यी नि सांगी, मंग काम परत सुरू व्हई."

मशीन घ्यायला दोनदा गिऱ्हाईक आलं, तरी वर्षभर त्यांनी ती विकली नाही. अशोक येईल म्हणायचे. स्वतः येईल, सांगेल, मग काम पुन्हा सुरू होईल.

"तू चूप ऱ्हाय," नाना म्हणाले, "त्याले च्या ठेव."

त्या वर्षभरातला माझा प्रत्येक "उद्या" खाली त्या बंद मशीनपाशी बसून कुणीतरी मोजत होतं, हे मला तेव्हा कळलं.